पाकीट परत का पाठवलंत?

पत्र:

ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांची, मिरजेला राहते. ह्यांचा कारखाना दिवाळीनंतर बंद पडला. १४ वर्षांची नोकरी होती. मी घरी शिकवण्या घेते, त्यावर आणि शिल्लक टाकलेल्यावर घर चाललंय. (दोन मुलींची फी घेत नाही, त्यांची आई धुणंभांडी करते.) मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

मार्चमध्ये एका मैत्रिणीने मला प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये घेतलं. पहाटे पाचला मोबाइलवर जमायचं, डोळे मिटून म्हणायचं, "मी समृद्धीचा प्रवाह आहे. मी देते आणि मला अनेक पटींनी मिळतं. मिळालं आहे, धन्यवाद." मग तेच वहीत २१ वेळा लिहायचं. घरात आलेल्या पैशातला दहावा हिस्सा आधी 'बीज' म्हणून द्यायचा, मग बाकीचा खर्च. तीन महिने दिला. जूनमध्ये 'मोठं बीज' म्हणून ५,००० रुपये दिले, ते मुलाच्या फीचे होते. ह्यांना माहीत नाही. आलं काहीच नाही. ग्रुप चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, तुमच्या मनात शंका आहे म्हणून प्रवाह अडतोय, कमतरतेचा शब्दही तोंडातून काढू नका.

बेंदराला थोरल्या जाऊबाईंनी पुरणपोळ्यांच्या डब्यात, पोळ्यांच्या खाली २०,००० रुपयांचं पाकीट घालून पाठवलं. मी "अक्का, आमचं छान चाललंय" म्हणून ते परत केलं. त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी तीन आठवडे त्यांच्याकडे होते, पण म्हणून काय पैसे घ्यायचे? डबा अजून माझ्याकडेच आहे, द्यायला जायचा धीर होत नाही. ह्यांना म्हटलं, कारखान्यात हिशेबासाठी जाऊन या, तर म्हणतात, "मी कुणापुढे हात पसरणार नाही."

माझी प्रार्थना कुठे चुकते? विश्वास कमी पडतो का? मध्येच सोडली तर काही वाईट होईल का?

– स. क., मिरज

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्याच प्रश्नाने उडत असणार. उद्या पहाटे पाचचा गजर लावला नाहीत तर काहीही वाईट होणार नाही. वही अठराव्या ओळीवर मिटलीत तरी नाही. देव म्हणजे काही दूधवाला नव्हे, महिन्याचं बिल थकलं म्हणून रतीब बंद करायला. सोडायची भीती वाटावी अशी प्रार्थना असेल, तर तिच्यात भक्ती किती आणि धाक किती, हे एकदा निवडून बघा, तांदूळ निवडतो तसं.

आता पैसे. 'बीज' आजपासून बंद. ते ५,००० कुणाच्या खात्यावर गेले, हे फोनमध्ये उघडून बघा. संस्थेच्या की मॅडमच्या स्वतःच्या नंबरवर? सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे त्याची नोंदणी असते, नोंदणीचा क्रमांक असतो, देणगीची पावती मिळते. ती मागा. सोबत सरळ लिहा की हे मुलाच्या फीचे पैसे होते, द्यायला नको होते, परत हवेत. मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण उत्तर काय येतं त्यावरून तुम्हाला बरंच कळेल. पावती मागितल्यावर पुन्हा तुमच्या मनातल्या शंकेवरच प्रवचन आलं, तर ग्रुपमधून बाहेर पडा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मॅडम लबाडच आहेत असं मला म्हणायचं नाही. त्यांनी हे कुणाकडून तरी ऐकलं असेल, त्यांचा त्यावर मनापासून विश्वासही असेल. पण ही रीत मूळची कुठली आणि वाटेत तिचं काय झालं, ते तुम्ही ऐकाच, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत 'न्यू थॉट' नावाचा एक विचारप्रवाह होता, मनातला विचार बदलला की शरीर आणि परिस्थितीही बदलते असं मानणारा. कॅन्सस सिटी शहरात मर्टल फिलमोर नावाची एक बाई राहायची. आधी शाळेत शिकवायची, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखीच. क्षयाने पोखरलेली. १८८६ मध्ये तिने एक व्याख्यान ऐकलं आणि त्यातलं एक वाक्य घेऊन ती घरी आली: मी देवाचं लेकरू आहे, त्यामुळे आजार माझ्या वारशात नाही. त्यानंतर ती रोज एकटी बसून आपल्या शरीराशी बोलू लागली. इतकी वर्षं तुम्हाला दुबळं म्हटलं, नावं ठेवली, म्हणून तिने एकेका अवयवाची माफी मागितली. ती बरी झाली, आणि त्याला दोनेक वर्षं लागली. (तिच्या बरं होण्यावर मी मत देणार नाही. क्षयावर आज गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि त्या पूर्ण मुदतीपर्यंत घ्यायच्या असतात, एवढं मात्र कानात सांगून ठेवते.) १८८९ मध्ये तिने आणि तिचा नवरा चार्ल्स, जो जमीनजुमल्याच्या व्यवहारात होता, दोघांनी मिळून एक मासिक काढलं. त्यातून 'युनिटी' ही चळवळ उभी राहिली. "देवा, दे रे" अशी गयावया करायची नाही, देवाचं देणं आहेच असं धरून शांतपणे बोलायचं, ही त्यांची प्रार्थना. लोकांसाठी प्रार्थना करायची फी त्यांनी ठेवली नाही. कुणाला मनापासून काही द्यावंसं वाटलं तर द्यावं, नाही तर नाही. त्यांची प्रार्थनेची फोनलाइन आजही रात्रंदिवस चालू असते आणि फोन करणाऱ्याकडे पैसे मागत नाही. मिळकतीचा दहावा हिस्सा देण्याची चाल बायबलमधली, फार जुनी. ती या प्रार्थनेला येऊन चिकटली, आणि पुढे कुणी कुणी तिचं गुंतवणूक योजनेत रूपांतर केलं.

मला त्या मर्टलबाईंमधलं एक फार आवडतं. पहिलं काम म्हणून तिने माफी मागितली. आहे त्या खंगलेल्या शरीराशी तिने समेट केला. आजार नाहीच असं शेजारणीला सांगत सुटली नाही. तुमच्या ग्रुपने यातलं "मिळालं आहे, धन्यवाद" एवढंच उचललं आणि समेटाचा भाग गाळला.

आणि खरं तर आपल्याला इतक्या लांब जायची गरजच नव्हती. पसायदान तुम्हाला पाठ असेल. मिरजेच्या शाळेत शिकलेल्या बाईला नसेल तर नवल. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. नेवाशाला ग्रंथ पुरा झाला आणि शेवटी हे मागणं आलं. नऊच ओव्या. आज रात्री त्या सावकाश म्हणा आणि क्रियापदांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला आहे 'मज द्यावें'. म्हणजे मागण्यात लाज नाही, थेट मागितलं आहे. मग येतात ते सगळे 'जावो', 'पाहो', 'लाहो', आणि ते सगळं दुसऱ्यांसाठी, त्यातही पहिला नंबर दुष्टांचा. आणि शेवटच्या ओवीत देव म्हणतो, हा दानपसावो होईल, म्हणजे मागितलेलं मिळेल, आणि लगेच पुढचं क्रियापद भूतकाळी: ज्ञानदेव 'सुखिया जाला'. नुसतं होईल म्हटल्यावर हा माणूस सुखी होऊन मोकळा! मिळण्याच्या आधी मिळाल्याचा आनंद, तोच तुमच्या मॅडम पहाटे पाचला शिकवतात तो. फरक कुठे आहे ते बोटावर मोजा. तुमच्या वाक्यात 'मी, मी, मला', आणि मिळणार ते अनेक पटींनी. ज्ञानदेवांनी स्वतःच्या नावावर फक्त सुख घेतलं.

तुमचा विश्वास कमी पडत नाही हो. वाक्य अंगावर बसत नाही, एवढंच. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांना सांगितलं, ठरावीक वेळाने घंटा वाजेल, तेव्हा मनाशी म्हणा, "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे." ज्यांचं स्वतःबद्दल मत आधीच चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, त्यांना ते म्हटल्यावर, न म्हणणाऱ्यांपेक्षाही जास्त वाईट वाटलं. मला यात आश्चर्य वाटलं नाही. डाळीच्या डब्याच्या तळाला चमचा खरवडत असताना "मी समृद्धीचा प्रवाह आहे" म्हटलं की मन लगेच डब्यात डोकावून उत्तर देतं. ते उत्तर म्हणजे शंका नाही, ते तुमचे डोळे आहेत. डोळे उघडे असल्याचा दोष कुणी तुम्हाला लावत असेल तर लावू देऊ नका.

प्रार्थना सोडा असं मी सांगत नाहीये. पहाटेची सवय लागली आहे तर उठा, पण जे खरं आहे ते म्हणा. आज घरात तांदूळ आहेत. संध्याकाळी मुलं शिकायला येणार आहेत. आम्ही दोघं धडधाकट आहोत. आम्हाला मदत हवी आहे, आणि ती आली तर घ्यायचं बळ मला मिळो. हे शेवटचं वाक्य तुम्हाला जड जाईल. म्हणून ते एकदाच म्हणा. एकवीस वेळा लिहू नका, हात दुखतो आणि मन भलतीकडेच फिरतं.

देण्याबद्दल थोडं. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, २० ते २२ हे श्लोक. परतफेड होईल म्हणून किंवा फळावर डोळा ठेवून, आणि 'परिक्लिष्ट' होऊन, म्हणजे जीव कासावीस करून दिलेलं ते राजस दान. मुलाच्या फीचे ५,००० अनेक पटींनी परत येतील म्हणून दिले, ते कुठल्या श्लोकात बसतात ते तुमचं तुम्हीच ठरवा. मी रागावत नाहीये. अडचणीत माणूस लॉटरीचं तिकीटही काढतो, हे त्यापेक्षा देवाच्या जरा जवळचं होतं. पण सात्त्विक दानाची खूण तिथेच दिली आहे: जो परत काहीच देऊ शकणार नाही त्याला, द्यायचं म्हणून दिलेलं. आणि तुमच्या पत्रात ती दोन मुलींची ओळ आहे, कंसात, जाता जाता. त्यांची फी तुम्ही घेत नाही. ग्रुपच्या हिशेबात ती धरली का? नसणार. तिथे ऑनलाइन पाठवल्याचा स्क्रीनशॉट लागतो.

आपल्या भाषेत तर देण्याला काय शब्द आहे बघा. संक्रांतीचं वाण आपण 'लुटतो'. देणारी म्हणते, माझ्याकडे वाण लुटायला या. आणि घेणारी कंगवा असो की प्लास्टिकची गाळणी, हसत ओटीत घेते. मला नको, आमच्याकडे छान चाललंय, असं म्हणून वाण परत करणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? मी नाही.

घेण्याबद्दल मात्र मला माझंच सांगावं लागेल, कारण या विषयात मी तुमच्यापेक्षा शहाणी नव्हते. तीन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आले, आणि वॉकर धरून चार पावलं टाकणं हा दिवसभराचा उद्योग झाला. समोरच्या घरातली सून रोज अकराला डबा आणून द्यायची. भाजी, आमटी, दोन पोळ्या. आता आमच्या आईची शिकवण अशी की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची. मी तर उभी राहू शकत नव्हते, साखरेचा डबा वरच्या फळीवर. त्यामुळे तिचे डबे धुऊन माझ्याकडेच साठत गेले. कामवाली विचारायची, देऊन येऊ का? मी म्हणायची, थांब, भाची येणार आहे रविवारी, तिला रव्याचे लाडू करायला सांगते, मग दे. ओट्यावर चार डबे पालथे घातलेले. ते बघितले की मला ओशाळं व्हायचं. झोपल्या झोपल्या मनात हिशेब: चार डब्यांत किती लाडू घातले तर बरोबरी होईल?

पाचव्या दिवशी ती आली ती हात हलवत. दारातून म्हणाली, "काकू, डबे द्या की हो! आमच्याकडे भाजी भरायला डबा उरला नाही." सरळ आत गेली, चारही डबे काखोटीला मारले आणि खणखण वाजवत निघाली. मी मागून ओरडले, "अगं, रिकामे आहेत!" ती जिन्यातून म्हणाली, "रिकामेच पाहिजेत."

त्या दिवशी जेवण पाऊण तास उशिरा आलं. मला वाटत होतं मी माझा मान राखते आहे. मी फक्त तिचे डबे अडवून ठेवले होते.

आता अक्का. वीस हजार त्यांनी हातात दिले नाहीत, घरातल्या सगळ्यांसमोर दिले नाहीत, पोळ्यांच्या खाली घातले. म्हणजे तुमची चार माणसांत अडचण होऊ नये याची काळजी त्यांनी देतानाच घेतली होती. कारखाना बंद झाल्याचं त्यांना माहीत आहे, त्यांच्या दिराचीच नोकरी गेली ती. त्यांना तुम्ही सांगितलंत, छान चाललंय. का? तर कमतरतेचा शब्द काढायचा नाही. पहाटे पाचला म्हणायचं, हे विश्वा, मी घ्यायला तयार आहे, आणि दुपारी विश्वाने पुरणपोळ्यांचा डबा पाठवला तर तो परत! विश्वाला दुसरं कुठलं दार माहीत आहे हो? ते बहुतेक वेळा जावेच्या, शेजारणीच्या, नाही तर बँकेतल्या कारकुनाच्या हातूनच काय ते पाठवतं.

अक्कांच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही तीन आठवडे त्यांच्याकडे होतात. तेव्हा त्यांनी तुमच्या हातची पेज परत पाठवली होती का? अंघोळ घालताना, "नको, माझं छान चाललंय" म्हणाल्या होत्या? त्यांनी घेतलं. आजारपणात धाकट्या जावेकडून सगळं करून घेणं थोरल्या जावेला किती कठीण जातं, ते बाईमाणसालाच कळेल. आता त्यांना तुम्हाला काही देता येण्याची वेळ आली, तर तुम्ही दार लावून घेतलंत. पाकीट परत आल्यावर त्यांच्या मनात काय आलं असेल याचा अंदाज मी करत नाही, तुम्ही त्यांना जास्त ओळखता.

जाऊन एवढंच सांगा: "अक्का, मी खोटं बोलले. चाललंय ते ओढून-ताणून चाललंय. तुमचं पाकीट मला हवंय." उसने म्हणून द्यायचे की तसेच, ते त्यांना ठरवू द्या. उसने म्हणाल्या तर कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि थोडेथोडे फेडा. तसेच म्हणाल्या तर वाद घालू नका. आणि पाकिटातून पहिली भरायची ती मुलाची फी.

तुमचे मालक आणि तुम्ही एकाच माळेचे मणी दिसता. "कुणापुढे हात पसरणार नाही" म्हणतात ते. पण १४ वर्षं काम केलेला माणूस हिशेब मागतो त्याला हात पसरणं म्हणत नाहीत. सलग पाच वर्षं नोकरी झाली की ग्रॅच्युइटी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. समजा मूळ पगार आणि भत्ता मिळून १८,००० असेल, तर १४ वर्षांचे साधारण १ लाख ४५ हजार होतात. तुमच्या पत्रात या शब्दाचा उल्लेखसुद्धा नाही! लेखी अर्ज करा, पोच घ्या. कारखान्याने टाळाटाळ केली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं. पीएफचे पैसे वेगळे, त्यांचंही बघा. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर नोकरी गेल्यावर मिळणाऱ्या भत्त्याची चौकशी त्यांच्या कार्यालयात करा. त्याला अटी आहेत, पण विचारायला पैसे पडत नाहीत. कारखान्यातले इतर कामगार असतीलच, चारपाच जण मिळून गेले तर ह्यांनाही एकटं वाटणार नाही. पुरुषमाणूस एकटा दारात उभा राहायला लाजतो, घोळक्यात बरोबर बोलतो.

आणि ५,००० चं त्यांना सांगा. ग्रॅच्युइटीचा विषय काढायच्या आधी सांगा, नंतर नाही. चिडतील. चिडू द्या. नोकरी गेल्यापासून त्यांनी तुमच्यापासून काय लपवलं असेल, कुणाकडून किती उसने आणले असतील, तेही कदाचित त्याच रात्री कळेल.

येत्या रविवारी अक्कांकडे जा. डबा घेऊन जा. आत काय घालायचं याचा विचार करत आठवडा काढू नका, रिकामाच न्या.